वाघाच्या वाटेवरचं शिवार

परभणी जिल्ह्याच्या नकाशात जंगलाचा हिरवा रंग शोधावा लागतो. जिंतूरच्या डोंगरात तो थोडासा आहे, येलदरीच्या पाण्याच्या कडेनं थोडा, गंगाखेडच्या अंगाला बालाघाटच्या टेकड्यांवर थोडा. बाकी सगळी काळी माती. कापूस, सोयाबीन, तूर. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. गोदावरी-दुधनेच्या पट्ट्यात ऊस. महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल उरलेल्या जिल्ह्यांत आमचं नाव येतं. या मातीचा अभिमान आम्हाला लहानपणापासून आहे. इथल्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखं ज्वारीचं वाण दिलं, त्याची टपोरी पांढरी कणसं पाहिली की आजही मन भरून येतं. पण ही माती नांगराखाली आणताना आपण तिच्यावरून आणखी कुणाकुणाला उठवलं, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला. तो आणला एका वाघानं.

१ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो परभणीचाच भाग होता, आणि माझ्या वयाच्या माणसांना कळमनुरी, वसमत, औंढा ही गावं अजून ‘दुसऱ्या जिल्ह्यातली’ वाटत नाहीत. त्या जुन्या परभणीतून २०१९ साली एक पट्टेदार वाघ चालत गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला हा नर, तिघा भावांपैकी एक. अभ्यासकांच्या वहीत त्याचं नाव टी-१ सी-१, म्हणजे टी-१ वाघिणीचा पहिला बछडा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात पट्टा बसवला, त्यामुळे तो कुठं आहे हे उपग्रहावरून कळत राहिलं. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, त्यानं टिपेश्वर सोडलं. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा सुमारे तेराशे किलोमीटर चालून झालं होतं. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला, तोवरची सगळी वाटचाल मोजली तर ती तीन हजार किलोमीटरच्या वर जाते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं.

मला आकड्यापेक्षा त्याच्या चालण्याची तऱ्हा विलक्षण वाटली. तो रात्री चालायचा. दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत, उभ्या पिकात पडून राहायचा. रानडुकरं आणि गुरं मारून पोट भरायचा. हिंगोली जिल्ह्यात तो झुडपात बसलेला असताना माणसं अगदी जवळ गेली, तेव्हा झालेली इजा सोडली तर एवढ्या दाट वस्तीच्या मुलखातून तो माणसाच्या वाटेला न जाता गेला. पट्ट्यानं नोंदवलेल्या त्याच्या जागा पाच हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या कित्येक जागी सकाळी कुणीतरी दारं धरायला, वैरण आणायला, कापूस वेचायला गेलं असेल. रात्री इथून कोण गेलं याची त्यांना खबर नव्हती.

तो जिथून निघाला ती जागा बघावी असं मनात होतंच. माझे चुलतभाऊ अण्णा जिंतूर तालुक्यात शेती करतात. गव्हाचं खळं उरकल्यावर ते म्हणाले, “चल, मीबी येतो. आपल्याकडं आलता म्हणतोस ते जनावर बघून तरी येऊ.” म्हणून चैत्राच्या शेवटी आम्ही निघालो.

झिरो फाट्यावरून वसमत, पुढं अर्धापूर, वारंगा, हदगाव. वसमतकडं हळदीची शेतं काढून मोकळी झालेली, अर्धापूरला केळीच्या बागा. उमरखेडच्या अलीकडं पैनगंगेचा पूल लागतो. तिथं मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. नदीत पाणी जेमतेम होतं, पण दोन्ही काठांची झाडी दूरवर वळत गेलेली दिसत होती. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. “रातच्याला या काठानं कुणी निघालं तर कुणाला दिसायचं?” ते म्हणाले. इथून पुढं आर्णी, घाटंजी, पांढरकवडा असा रस्ता. कापसाची रानं तीच, फक्त सागाची झाडं शेताच्या जवळ येऊ लागतात आणि मग एका वळणानंतर शेत संपून सागच उरतो.

टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झालं. क्षेत्र १४८ चौरस किलोमीटरच्या जरा वर. मेळघाट किंवा ताडोबाशी तुलना केली तर फारच लहान. नाव पडलं ते तिपाई देवीवरून, तिचं ठाणं आत जंगलात आहे. चैत्रातलं जंगल उघडं असतं. सागाची पानं गळून खाली करकरीत थर झालेला, धावडा-सालईच्या खोडांवर ऊन, मोहाखाली फुलांचा सडा आणि त्यावर आलेली चितळं. टेंभुर्णीची पानं नुकती कोवळी फुटलेली. आतून वाहणाऱ्या ओढ्यांना या भागात मोठ्या नद्यांची नावं आहेत, पूर्णा, कृष्णा, भीमा. आमच्याही पूर्णेचं नाव तिथं ऐकून अण्णांना आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखं झालं.

एका जागी जंगल एकदम मोकळं झालं. पुरुषभर वाळलेलं गवत आणि मधूनच मोठाली चिंचेची, आंब्याची झाडं. ही जुनी गावठाणाची जमीन. टिपेश्वर आणि मारेगाव ही आतली गावं बाहेर वसवली गेली, त्यांची शेतं हळूहळू कुरणं झाली. कुरण वाढलं तसं चितळ, रोही, सांबर वाढलं आणि त्यांच्यामागं वाघ. अभयारण्याच्या यशाची गोष्ट सांगताना हे वाक्य पटकन सांगून होतं. चिंचेखाली गाडी उभी होती तेव्हा मला ते तेवढ्या पटकन सांगता येईना. चिंच कुणीतरी लावली होती. तिच्या सावलीत कुणाची बैलं बसली होती. गावानं जागा सोडली म्हणून इथं आज वाघ आहे, हे ऋण फार मोठं आहे, आणि वाघ बघायला येणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी ते तोंडानं मान्य केलं पाहिजे. अण्णा धरणग्रस्तांच्या गावात वाढलेले. ते त्या झाडाकडं बराच वेळ बघत राहिले आणि बोलले काहीच नाहीत.

वाघ आम्हाला पाणवठ्यावर दिसले. आधी चितळाचा कॉल झाला, मग वानराचा. आमचा गाईड जवळच्याच गावातला तरुण, त्यानं हात वर करून जिप्सी थांबवली आणि हळूच म्हणाला, “आवाज नका करू सर. ती पान्यावर येऊन राहिली.” सागाच्या खोडांमधून वाघीण आली. घाई नव्हती, आमच्याकडं लक्ष नव्हतं. पाण्याशी येऊन ती वळली आणि मागचे पाय आधी पाण्यात घालून मागं मागं सरकत बसली. तोंड बाहेरच्या बाजूला, रानाकडं. वाघ पाण्यात असे पाठमोरे उतरतात हे मी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि सत्तर-ऐंशी पावलांवरून तिचे कान हलताना बघणं वेगळं. अंगावरचे पट्टे पाण्यात थरथरत होते. थोड्या वेळानं तिच्यामागून आणखी एक आला, जवळजवळ तिच्याएवढाच, मानेला भरलेला, पण चालण्यात अजून पोरपण असलेला. तिचा बछडा. तो सरळ पाण्यात घुसला, तिच्यापाशी गेला आणि तिनं दात दाखवल्यावर दूर जाऊन बसला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशानं, ते नीट सांगता येणार नाही. एवढं सुंदर काही आपण असताना जगात आहे, आणि ते आपल्यापासून बसनं एका दिवसाच्या अंतरावर आहे, अशी काहीतरी ती भावना होती.

परतताना अण्णांनी गाईडला त्या बछड्याचं विचारलं. तो म्हणाला, “तो आता इथचा पाहुना हाय काका. पावसाळ्यात आई त्याले हाकलून देते.”

“मग कुठं जाईल?”

“कुठीबी जाईन. तुमच्याकडंही येईन.”

तो हसून बोलला होता, पण बोलला ते खरं होतं. मी त्या दिवसापासून टिपेश्वरचा विचार या वाक्याखेरीज करू शकलेलो नाही. मोठ्या नर वाघाला स्वतःचं म्हणून कितीतरी डझन चौरस किलोमीटर रान लागतं, आणि त्यात दुसरा नर त्याला खपत नाही. १४८ चौरस किलोमीटरमध्ये वाघ नीट वाचले, वाघिणींना पिल्लं झाली, ती जगली, की दोन वर्षांत त्यांतल्या काहींना बाहेर पडावंच लागतं. अभयारण्य जितकं चांगलं सांभाळाल तितके अधिक वाघ त्यातून बाहेर निघतील. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. या वाढीचा आनंद मनापासून आहे. पण हे सगळे जास्तीचे वाघ अभयारण्यांच्या आतच मावतील अशी सोय कुणीही केलेली नाही. आत जन्म होतो, लहानपण जातं. तरुणपणाची वाट बाहेरून, आमच्या शिवारातून आहे.

आणि वॉकर हा एकटा नव्हता. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ कन्नड-चाळीसगावच्या डोंगरातल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. तिथं कित्येक दशकांत वाघ नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक टिपेश्वरी वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात दिसला आणि पुढं बार्शीकडं फिरू लागला. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यासाठी ताडोब्याहून पथक आलं, त्यानं खूप खटपट केली. वाघ हाती लागला नाही. घरी आल्यावर मी नकाशावर टिपेश्वर ते येडशी अशी पट्टी ठेवली. वाघ सरळ रेषेत चालत नाही हे मान्य. पण ती रेषा नांदेडवरून येते आणि गंगाखेडच्या अंगाच्या टेकड्या कापत जाते. ज्या जिल्ह्यात वाघ नाही असं आपण धरून चालतो, तो त्याच्या वाटेच्या ऐन मध्यावर आहे.

मग वाघ इथून जातो तो कशाच्या आधारानं? जंगल तर नाही. आहेत ते ओढे. मराठवाड्यातला ओढा म्हणजे वर्षातले आठ महिने कोरडी रेती, पण त्याच्या दोन्ही अंगांना शिंदी, करंज, हिवर, बाभूळ, घाणेरी आणि बोरीची दाटी असते. ओढा नदीला मिळतो, नदी दुसऱ्या नदीला. पैनगंगा, कयाधू, पूर्णा, दुधना, गोदावरी. या काठांची झाडी सलग असली की चालणाऱ्या जनावराला दिवसा लपायला जागा आणि रात्री वाट मिळते. त्याला जोड गावाच्या गायरानाची, डोंगराच्या पडिकाची, रुंद बांधावरच्या झाडांची. यांतलं काहीच अभयारण्य नाही, कुठल्याच फाटकावर त्याचं तिकीट नाही. आणि गेल्या काही वर्षांत आपण नेमकं हेच साफ करत आणलं. बांध निमुळते होऊन पाऊलवाटेएवढे राहिले. गायरानं अतिक्रमणात गेली. ओढ्यांचं खोलीकरण करायला पोकलेन आले, ते नुसता गाळ काढत नाहीत. दोन्ही काठांवरची झाडं मुळासकट उपटून रेतीवर आडवी करतात आणि ओढा गटारासारखा सरळ करून जातात.

हे लिहिताना मला जपून लिहायला हवं. २०१६ चा उन्हाळा ज्यानं मराठवाड्यात काढला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं पाहिलं, तो पाणी अडवण्याच्या कामाला नावं ठेवू शकत नाही. अण्णांच्या विहिरीला खोलीकरणानंतर मार्चपर्यंत पाणी टिकलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पात्र खोल करताना एका काठाची झाडी राखता येते. यंत्र एकाच काठानं चालवावं लागतं. काठावरची मुळं माती धरतात, म्हणजे गाळ पुन्हा भरायलाही वेळ लागतो. हे कुठल्या मोठ्या योजनेतलं काम नाही, पोकलेनवाल्याला सकाळी कुणीतरी बजावून सांगण्याचं काम आहे.

अण्णांचा प्रश्न मात्र वेगळा होता, आणि तो त्यांनी परतीच्या वाटेवर महागावच्या पुढं विचारला. “समज, आला. आपल्या वढ्याला येऊन बसला. सकाळी मी कापसाला पाणी द्यायला गेलो. तवा मी करायचं काय?”

शहरात बसून वाघावर प्रेम करणाऱ्या माणसानं या प्रश्नाला हळवं उत्तर देऊ नये. याच पांढरकवडा भागात, अभयारण्याबाहेरच्या राळेगाव परिसरात, तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. देशभर तिच्यासाठी हळहळ झाली, आणि ती मला समजते. पण त्याआधीच्या दोन वर्षांत तिथल्या बायका रानात जायला धजत नव्हत्या, अंधार पडायच्या आत गुरं घरी आणली जात होती, हेही तितकंच समजून घेतलं पाहिजे. शेतकऱ्याला अनेकदा रात्रीच वीज मिळते, मग रात्रीच दारं धरावी लागतात. त्याची भीती खरी आहे. वाघ वाचवायचा तर शेतीला दिवसा वीज द्या, असं मी म्हटलं तर कुणाला ते विषयांतर वाटेल. मला तो याच विषयाचा गाभा वाटतो.

टिपेश्वरच्या आसपासच्या गावांना अनुभवानं काही गोष्टी पाठ झाल्या आहेत. गाईडनं त्या आम्हाला सहज सांगितल्या. वाघ दिसला तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, वाकून बसायचं नाही. गर्दी करून झुडूप घेरायचं नाही. वॉकरच्या बाबतीत हिंगोलीत तेच झालं होतं. गाय-बैल मारलं तर त्याला हात न लावता लगेच वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. मेलेल्या जनावरावर औषध टाकायचं नाही. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, आणि रागाच्या भरात शिंपडलेल्या कीटकनाशकानं तो, त्याच्यामागून येणारी कोल्ही, गिधाडं सगळी मरतात.

आणि तारेचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण वाघ येवो न येवो, ते आमच्या गावात रोज घडतं. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत हरभऱ्याचं, भुईमुगाचं रान आडवं करतात. जो तो आपल्या परीनं राखण करतो. झटका मशीन बसवलं तर जनावराला चटका बसतो आणि ते मागं फिरतं. पण पैसे नसले की कुणी थेट लाइनवरून आकडा टाकून कुंपणात करंट सोडतो. त्यात डुक्कर मरतं, तसा वाघ मरतो, तसा पहाटे बांधावरून जाणारा शेजाऱ्याचा पोरगाही मरतो. विदर्भात अशा तारांनी कित्येक वाघ गेले. टिपेश्वरमध्ये गळ्यात तारेचा फास रुतलेली वाघीण कॅमेऱ्यात दिसली होती. तो फास बहुधा डुकरासाठीच कुणी लावलेला असणार. टिपेश्वरला पाणवठ्यावर पाहिलेला तो बछडा नदी ओलांडू शकेल, महामार्ग ओलांडू शकेल, पण अंधारात लोंबणारी ती तार त्याला दिसणार नाही.

महामार्गाचंही बोलायला हवं. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाची आखणी परभणी जिल्ह्यातून झाली आहे. असा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतो. पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांसाठी खालून रुंद मोऱ्या ठेवल्या, आणि त्यांतून वाघ जातानाची छायाचित्रं आहेत. पेंचला जंगल आहे म्हणून ते झालं. आमच्याकडं जंगल नाही, त्यामुळे हा प्रश्न कुणी विचारणारही नाही, अशी मला धास्ती वाटते. जिथं रस्ता ओढ्यावरून जाईल तिथला पूल थोडा लांब, थोडा उंच घेतला, खाली कोरडा काठ मोकळा ठेवला, तरी काम होईल. तिथून गुरंही जातील, बैलगाडीही जाईल.

गावी आल्यावर अण्णांनी हे सगळं स्वतःच्या भाषेत ग्रामसभेत मांडलं. ओढ्याच्या उगवतीच्या काठाची झाडी राखायची, यंत्र मावळतीच्या काठानंच चालवायचं, आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचा. नंबरला कुणाची हरकत नव्हती. झाडीवरून बराच वाद झाला. शेजारच्या शेतकऱ्यानं उभं राहून सांगितलं, “झाडी ठेवली की डुकरं लपत्यात, माझा हरभरा जातो, तवा तुमचा वाघ भरून देणार का?” त्याचं नुकसान सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी त्याला खाली बसवलं नाही. शेवटी असं ठरलं की झाडी राखायची, आणि त्याच्या बांधाच्या बाजूनं सामायिक खर्चातून झटका मशीन बसवायचं. अर्धी वर्गणी जमली आहे. ठराव वहीत लिहिलेला आहे, सरपंचांची सही झाली आहे. खोलीकरणाचा दुसरा टप्पा येत्या उन्हाळ्यात आहे, आणि पोकलेन कुठल्या काठानं उतरवायचा हे सांगायला त्या सकाळी अण्णा ओढ्यावर जाणार आहेत. मीही जाणार आहे.